हा फोटो डागासकट छापा

गौरवग्रंथ समितीकडून परवा रजिस्टर पोस्टानं आलं ते असं: छापील सूचनापत्र एक. रेघांचे कोरे कागद सहा. परतीचं पाकीट एक, समितीचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं. आणि आम्ही पाठवलेला फोटो, परत.

त्या फोटोला लागलं ते असं: परभणीच्या स्टुडिओत मोठा करून घेतला त्याचे चारशे ऐंशी रुपये. दोन्ही बाजूंनी पुठ्ठे, वीस. एसटीचं माझं अर्धं तिकीट, जाऊन-येऊन. सोबत आलेल्या आमच्या बाईंना पंचाहत्तर पूर्ण झाल्यामुळं तिकीट नाही, तेवढा सरकारनं ठेवलेला मान. पुठ्ठे परत आले नाहीत. फोटो लहान पाकिटात बसावा म्हणून मधोमध घडी घातली होती, आणि ती घडी जिथून जायला नको होती बरोबर तिथूनच गेली आहे.

मी वालूरची. शिक्षण दहावी. आमच्या भजनी मंडळाचा जमाखर्च बावीस वर्षं माझ्याकडं आहे, पण लेख असा कधी लिहिला नाही. श्रीमती इंदुमती हातनूरकर, म्हणजे आमच्या बाई, यांच्या अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात चार पानं लिहायला मला सांगितलं, हा मी माझा मोठा मान समजते. सूचनापत्रात लिहिलं आहे की, ‘बाईंचा प्रेमळ स्वभाव, पाहुणचार, हातचे पदार्थ अशा घरगुती आठवणी लेखिकेने लिहाव्यात. छायाचित्राचा विषय वादाचा असल्याने उल्लेख टाळावा.’

तर पदार्थांचं आधी उरकून टाकते. बाईंच्या हातचे पदार्थ चांगले होत नाहीत. जगातली प्रत्येक गोष्ट त्या घड्याळ लावून करतात, फक्त तव्यावरचं धपाटं सोडून. मी त्यांच्याकडं पंचेचाळीस वर्षं जाते आहे आणि जाताना डबा माझा घेऊन जाते. राहिला उल्लेख. तो मी टाळणार नाही. ज्यांना वाचायचं नसेल त्यांनी हे पान उलटावं.

बाईंची माझी पहिली ओळख उन्हात झाली. मी आठवीत होते. बाई नुकत्याच वालूरच्या शाळेवर गणित आणि विज्ञान शिकवायला आल्या होत्या. वय तिशीचं, बोलणं मोजकं. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी मैदानात एक काठी रोवली आणि रोज दुपारी बाराला तिची सावली मोजून वहीत लिहायचं काम मला दिलं. तीन दिवस मी इमानदारीनं मोजली. चौथ्या दिवशी ऊन लागायलं म्हणून कडुलिंबाखाली बसूनच आकडा लिहिला. मग ते अंगवळणी पडलं. रोज थोडा थोडा वाढवायचा, म्हणजे अगदी खरा वाटतो. पंधरा दिवसांनी बाईंनी वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“कमल, मंगळवारी दिवसभर आभाळ होतं. ही सावली कुठून आणलीस?”

सगळा वर्ग हसला. मला वाटलं आता छडी. बाईंनी छडी काढली नाही. त्यांनी नवी वही दिली आणि म्हणाल्या, “चुकलेला आकडा चालतो. न बघितलेला चालत नाही. आभाळ असेल त्या दिवशी ‘आभाळ होतं, दिसलं नाही’ असं लिहायचं. त्यात कमीपणा नसतो.” पुढं महिनाभर मी उन्हात उभी राहून मोजलं. त्या वहीत चार ठिकाणी ‘आभाळ होतं, दिसलं नाही’ असं आहे. बाईंनी त्या चारही ओळींवर लाल शाईनं ‘छान’ लिहिलं, आकड्यांवर नाही. ती वही माझ्या देवघरातल्या फडताळात पोथ्यांच्या खाली आहे.

दहावी झाली आणि माझं लग्न झालं. सासर गावातच. आमचे हे बाजार समितीत कारकून. बाईंचं दर्शन रोजचं राहिलं, शिकणं सुटलं. पण हिशेब लिहायची सवय त्यांनी लावली ती गेली नाही. मंडळात कुणी म्हणालं, ‘ताई, अंदाजे लिहा की,’ तर मी ‘मोजलं नाही’ असं लिहिते. पुरुषमंडळी चिडतात. चिडोत.

बाई देवळात येत नाहीत. हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि ग्रंथात कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. मी एकादशी सोडत नाही, सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही, आणि माझ्या गुरू मात्र अशा. एकदा मी धीर करून विचारलंच, “बाई, तुमी देव मानतच नाहीत का?”

“मोजून झालं की सांगते,” म्हणाल्या.

पण माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा रोज पाच वाजता बाई यायच्या, खुर्ची ओढायच्या आणि तासभर त्यांना पोथी वाचून दाखवायच्या. ओव्या स्पष्ट, खणखणीत, वर्गात वाचावं तशा. आठ महिने. सासूबाई मला म्हणायच्या, “तुझी ती नास्तिक बाई लय चांगलं वाचती गं. आमच्या बुवापेक्षा बरं.” त्या तासात मी दिवाबत्ती करायची, दळण आणायची, कधी नुसती अंगणात बसायची. बाईंनी एकदाही विचारलं नाही की मी त्या तासाचं काय करते. पाहुणचाराबद्दल लिहा म्हणता, तर माझ्या घरात त्यांनी केलेला पाहुणचार हा असा.

आता फोटोचं.

बाई निवृत्त झाल्या. मालक आधीच गेलेले, लेक परदेशात. एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी दुर्बीण आणली. आठ इंची आरशाची, माझ्या कमरेएवढी जाड नळी. आकाश फिरतं तसं तिला हळूहळू सरकवणारी मोटर, आणि मोटरला ट्रॅक्टरची बॅटरी. कॅमेरा सेलूच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना घेतला. ज्या कॅमेऱ्यानं तालुक्यातल्या निम्म्या नवरानवरींना बघितलं होतं, तो आता आभाळाकडं तोंड करून बसणार होता. गावात बोललं जायलं ते असं: “इंदूबाईंनी तोफ आणली.” “म्हातारपणी नाद लागला.” “गच्चीवरून कुणाच्या घरात बघायल्यात कुणास ठाऊक.”

गच्चीवरून काही दिसत नव्हतंच. चौकात मोठा दिवा लागल्यापासून गावातून तारे गेले. म्हणून दुर्बीण बाईंच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोलीपुढच्या अंगणात, नेली. बाई स्कूटी चालवायच्या, मी मागं बसायची, मांडीवर कॅमेरा, सोलापुरी चादरीत तान्ह्या लेकरासारखा गुंडाळलेला. आमचे हे म्हणाले, “या वयात बायका तीर्थाला जातात. तुमी शेतात निघालात.”

“तिथंबी वरच बघायचंय,” मी म्हणाले. “पोळ्या झाकून ठेवल्यात. वरण तेवढं गरम करून घ्या.”

मला बाईंनी नेलं ते माझ्या डोळ्यांसाठी नाही. मला जवळचा चष्मा आहे. मला नेलं तिथीसाठी. चांदणं असलं की अंधूक गोष्टींचा फोटो येत नाही, आणि चंद्र कोणत्या दिवशी किती वाजता उगवणार हे मला पंचांग न उघडता येतं. बाईंना त्यासाठी मोबाइल काढावा लागायचा. आयुष्यात एका गोष्टीत मी त्यांच्या पुढं होते, आणि हे त्यांनी चारचौघांत सांगितलेलं आहे.

त्यांना फोटो हवा होता तो पाच दीर्घिकांचा. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखं ताऱ्यांचं एकेक अख्खं गाव, अब्जावधी घरांचं. भाद्रपदा नक्षत्रांच्या चार ताऱ्यांची चौकट दिसते, तिच्या जरा उत्तरेला अशी पाच गावं एका जागी दाटून बसली आहेत. नुसत्या डोळ्यांना काही नाही. दुर्बिणीतूनही फुंकर मारल्यासारखा डाग. त्यांतली चार एकमेकांना ओढतात. जवळून जाताना एकीनं दुसरीचे तारे ओढून घेतले, त्यांची लांब शेपूट निघाली आहे, गर्दीत पदर अडकून ओढला जावा तशी. पाचवी त्यांच्यात दिसते, पण ती त्यांची नाही. लय अलीकडची आहे, नेमकी वाटेत उभी आहे. “लग्नाच्या फोटोत कुणाच्या बाजूचा ते शेवटपर्यंत कळत नाही, असा एक माणूस असतो बघ,” बाई म्हणाल्या, “तशी.” त्या चौघींपासून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला तीस कोटी वर्षांच्या आसपास लागतात. मी विचारलं, “अन् तो उजेड आखाड्यावर पडतो?” बाई म्हणाल्या, “रोज पडतो. घ्यायला कुणी थांबत नाही.”

घ्यायची रीत अशी. एक फोटो तीन मिनिटांचा. एकात जवळजवळ काही येत नाही. असे पुष्कळ काढायचे आणि मग संगणकावर एकावर एक बसवायचे, म्हणजे थेंब थेंब उजेड साठतो. “किती काढायचे?” मी विचारलं. “जितके मिळतील तितके.” मला हे पटेना. जप मोजल्याशिवाय करत नाहीत. मी म्हणाले, “एकशे आठ चांगले मिळेपर्यंत.” बाई हसल्या. “बरं. तुझी माळ पुरी करू.”

त्या वर्षी दसऱ्याला मी तबक घेऊन आखाड्यावर गेले. आपल्याकडं दसऱ्याला हत्याराची पूजा असते. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, मी माझ्या जमाखर्चाच्या वह्या पुजते. दुर्बिणीला कोण पुजणार? बाई कॅमेरा जोडायला काही आणायला आत गेल्या होत्या. दुर्बिणीला मी हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली. कॅमेरा शेजारी बाजेवर होता, पुढचं भिंग काढलेलं, तोंड उघडं. त्यालाही चिमूटभर वाहिलं, नमस्कार केला. बाई बाहेर आल्या, तबकाकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं. म्हणाल्या, “झालं? सोनं दे मग मला.” मी पान दिलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी चांदणं होतं, म्हणून नुसता चाचणीचा फोटो काढला. त्यात वरच्या उजव्या अंगाला एक काळपट ठिपका. “हे काय बाई?” मी विचारलं. “जुना कॅमेरा आहे,” म्हणाल्या. “असायचंच.”

आश्विन वद्य पंचमीपासून आम्ही बसलो. संध्याकाळी सव्वासातला सुरुवात, चंद्र वर यायच्या आत उठायचं. पुढं कार्तिकातलाही वद्य पक्ष गेला. वही माझ्याकडं. त्यातलं थोडं उतरवते: ‘सप्तमी. एकवीस काढले. चार बाद, मामांनी हातातली बॅटरी पेटवली.’ ‘अष्टमी. सतरा. सहा बाद, ट्रॅक्टरची धूळ.’ ‘त्रयोदशी. फटाक्यांचा धूर. दिसलं नाही.’ लाइट जायची त्या दिवशी गाव वैतागायचं आणि आम्ही दोघी खूश व्हायचो. मामा म्हणजे महादूमामा, बाईंचे जुने सालगडी, आखाड्यावरच राहतात. तीन मिनिटं जमीन हलू नये म्हणून कुणी चालायचं नाही, असा नियम होता. मी तेवढ्यात नामस्मरण करायची. मामांचे हाल व्हायचे.

“बाई, ह्ये तीन मिंटं झाली का न्हाई? मला खोकला यायलाय.”

“थांबा.”

“खोकला बी थांबत असतो व्हय?”

एकशे आठ पुरे झाले. बाईंनी घरी संगणकावर ते एकावर एक बसवले, चार दिवस लागले. मग आम्हाला बोलावलं. पडद्यावर पाच धुरकट दिवे, दोन तर एकमेकांत मिसळलेले, आणि एकीची ती पदरासारखी शेपूट. मी हात जोडले. मामा पुष्कळ वेळ बघत राहिले.

“एवढ्यासाठी महिनाभर हालायचं न्हाई? ह्ये तर ज्वारीच्या पानावर चिकटा पडल्यावाणी दिसायलंय.”

“मामा, त्या एकेका डागात मोजता येणार नाहीत एवढे सूर्य आहेत,” बाई म्हणाल्या.

“मंग तितं बी कुनी सालगडी आसंल.”

“असेल की.”

“त्येला बी म्हनावं, हालू नगं.”

वरच्या अंगाला तो काळा डागही होता. आता तो ठिपका राहिला नव्हता, बोट ओढल्यासारखा उभा झाला होता. मी म्हणाले, “बाई, हा पुसता नाही का येत?”

“येतो. एका मिनिटाचं काम आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्या डागाखाली आकाशात काय होतं ते मला दिसलेलं नाही. न दिसलेलं मी कुठून आणू?”

मंगळवारची सावली मला आठवली.

चार वर्षं तो फोटो बाईंच्या ओसरीत होता. ग्रंथ निघतो आहे म्हटल्यावर, तो मुखपृष्ठावर यावा असं माझ्या मनात आलं. बाईंनी मागितलेलं नाही. मी पाठवला. समितीनं तो मोठ्या शहरातल्या एका जाणकार गृहस्थांना दाखवला. त्यांनी काय सांगितलं ते समितीच्या सदस्यांनी मला फोनवर कळवलं. एक, खेड्यातल्या शेतात, जुन्या कॅमेऱ्यानं, एवढ्या वयाच्या बाईंकडून असा फोटो निघणं शक्य नाही. इंटरनेटवरून घेतलेला असणार. दोन, फोटोत डाग आहे, त्यामुळं तो छापण्याच्या दर्जाचा नाही.

ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत. मी फोनवरच विचारलं, “चोरायचाच होता तर डागाचा कशाला चोरतील?” सदस्य म्हणाले, “ताई, वाद नको. तुम्ही आठवणी लिहा. छान घरगुती लिहा.”

मी बाईंकडं गेले. मला वाटलं त्या चिडतील. त्या वाटाणे सोलत होत्या. “सोड गं. ते तारे काही निवडणुकीला उभे नाहीत.”

“अन् तुमी? तुमचं नाव?”

“माझं नाव मस्टरवर होतं तेवढं पुरे.”

एवढंच बोलल्या, पण त्या दिवशी सोललेले वाटाणे त्यांनी टरफलांत टाकले आणि टरफलं पातेल्यात. पंचेचाळीस वर्षांत मी बाईंच्या हातून अशी चूक बघितली नव्हती. वेचून वेगळे मी केले.

त्याच आठवड्यात, यंदाच्या दसऱ्याआधी कॅमेरा साफ करून घ्यावा म्हणून मी तो सेलूला नेला, ज्याच्याकडून घेतला त्याच फोटोग्राफरकडं. त्यानं आतली काच पांढऱ्या फडक्यानं टिपली आणि फडकं माझ्यापुढं धरलं. “ताई, लग्नात अक्षता आत गेलेल्या बघितल्यात. कुंकू पहिल्यांदाच बघतोय. कुणी वाहिलं हो हे?”

फडक्यावर लाल कण होता, मोहरीच्या टोकाएवढा.

मी लागलीच वालूरची एसटी धरली. थेट बाईंच्या ओसरीत जाऊन फडकं त्यांच्यापुढं ठेवलं. “बाई, तुमाला ठाऊक होतं.”

“त्याच संध्याकाळी,” बाई म्हणाल्या.

“मग मला बोलल्या का नाहीत?”

“शाळेत आयुष्य गेलं. तराजू, भिंगं, काठ्या, कंपास. दर दसऱ्याला सगळ्यांची हत्यारं पुजलेली बघितली. माझ्या हत्याराची पूजा करायला कुणी आलं नव्हतं. तू तबक घेऊन आलीस. त्यावर तुला म्हणू का, की आत कुंकू पडलं, सेलूला नेऊन साफ करून आणू?”

“पण त्या गृहस्थाला तरी सांगायचं! हा डाग म्हणजे तर पुरावा आहे.”

“आणि त्यानं विचारलं, कुणी पाडला? तर?” बाईंनी फडक्याची घडी केली. “कमल, हे कुठं लिहू नकोस. गाव वर्षभर हसेल तुला. माझा फोटो नाही छापला तरी मी काही वाळत नाही.”

बाईंची माया कशी असते हे समितीला हवं होतं. ती अशी असते. स्वतःवर चोरीचा आळ घेतला, पण माझ्यावर हसू येऊ दिलं नाही. आणि आज, पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, मी बाईंचं ऐकत नाही.

तर सगळ्यांनी ऐका. तो डाग मी पाडला. दसऱ्याच्या दिवशी, दुपारी, वालूरच्या शिवारात, हळदकुंकू वाहताना. ज्याला हसायचं त्यानं हसावं, माझ्या दारात येऊन हसलं तरी चहा मिळेल. आणि हसून झालं की एवढं समजून घ्यावं: आमच्याकडं एकशे आठही मूळ फोटो आहेत. एकापाठोपाठ एक बघितले तर तारे जरा जरा सरकतात, कारण मोटर काही तंतोतंत नाही. कुंकू मात्र सगळ्यांत एकाच जागी, कारण ते आकाशात नाही, आमच्या काचेवर आहे. दसऱ्याच्या चाचणीच्या फोटोतही तिथंच. सगळे तारे एकावर एक बसवले म्हणून डागाची रांग होऊन तो बोटासारखा उभा दिसतो. इंटरनेटवर या पाच दीर्घिकांचे पुष्कळ फोटो असतील, आमच्यापेक्षा चांगलेही असतील. त्यांतल्या एकावर माझं कुंकू दाखवावं.

त्या जाणकार गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी बघितलं नाही, आणि बघितलं नाही असं लिहिलंही नाही, आकडा टाकला. आठवीत मीही तेच केलं होतं. मला बाई भेटल्या, त्यांना भेटल्या नसतील. त्यांनी आश्विन वद्य पंचमीनंतर कोणत्याही संध्याकाळी आखाड्यावर यावं. पोळ्या मी करीन. तीन मिनिटं न हलता बसावं लागेल, ते महादूमामा शिकवतील.

समितीला माझं मागणं असं. फोटो ग्रंथात यावा. मुखपृष्ठावर नाही आला तरी चालेल, आतल्या पानावर चालेल, पण डाग पुसून नको, कापून नको. खाली लिहावं: ‘छायाचित्र: श्रीमती इंदुमती हातनूरकर, वालूर.’ माझं नाव नको. नवीन प्रत मी पुन्हा काढून घेतली आहे, परत चारशे ऐंशी, ती सोबत जोडली आहे. या वेळी पुठ्ठे जुन्या वहीचे आहेत, तेव्हा ते ठेवून घेतले तरी हरकत नाही. घडी मात्र घालू नये. फोटो छापायचा नसेल तर हा लेखही छापू नये. बाईंच्या धपाट्यांवर लिहायला दुसरं कुणीतरी मिळेल.

बाईंना दत्तमहाराजांनी उदंड आयुष्य द्यावं. हे मागणं मी करते, बाई करणार नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याचंही मीच करते. त्यांचे गुडघे शाबूत राहावेत, स्कूटी चालावी, डोळ्यांना अंधार नीट दिसावा. तीस कोटी वर्षं चालून आलेला उजेड घ्यायला ज्या बाई शेतात थांबल्या, त्यांना आणखी पंचवीस दसरे द्यायला देवाला काही जड नाही. पुढचा फोटो कशाचा ते त्यांनी ठरवलं आहे. त्यालाही एकशे आठच काढायचे आहेत. यंदा तबक मी नेणारच. फक्त कॅमेऱ्याचं झाकण आधी लावून घेईन.

तुम्ही पाठवलेलं तिकिटाचं पाकीट मी वापरलेलं नाही. त्यावरचा तुमचा पत्ता खोडून माझा घातला आहे आणि ते सोबत परत पाठवते आहे, म्हणजे उत्तराला खर्चाची अडचण राहणार नाही. दसऱ्याच्या आत बाईंना काय सांगायचं ते मला ठरवायचं आहे. फोटो छापता की नाही, एवढं एका ओळीत उलट टपाली कळवावं.

सौ. कमल विश्वनाथ कुलकर्णी
वालूर, ता. सेलू, जि. परभणी